फूल लाजलं नव्हतं

चोपडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. घरी कापूस आणि केळीची शेती आहे. त्या मराठी घेऊन बी.ए. झाल्यात आणि घरीच शिवणकाम करतात. लेक दहा वर्षांची, पाचवीत शिकते. दर रविवारी ती आजोबांबरोबर वावरात जाते आणि शंभर पानी वहीत काहीबाही टिपत बसते: किती खोपे दिसले, कोणता किडा कुठे होता, कोणतं फूल कधी उमललं. ऑगस्टमध्ये तिने कापसाच्या फुलाबद्दल लिहिलेल्या ओळी आईने ‘नीटनेटक्या’ केल्या, त्यांचा निबंध बनवला आणि शाळेत वाचायला दिला. गुरुजींनी कौतुक केलं. लेक मात्र घरी येऊन रडली. ‘फूल लाजलं नव्हतं, मी तसं लिहिलंच नव्हतं,’ म्हणाली. तेव्हापासून ती वही लपवून ठेवते.

आई विचारते, ‘माझं काय चुकलं? हिच्यात कल्पनाशक्ती कमी आहे का? भाषा अशी कोरडी, त्यात अहिराणी शब्द. तिचे पप्पा म्हणतात, परीक्षेचं वर्ष आहे, वही बंद करा आणि निबंधाचा क्लास लावा. मला वाटतं, पुण्याच्या एखाद्या निसर्ग शिबिराला पाठवावं, कारण इथे कापूस आणि केळीशिवाय बघण्यासारखं आहे तरी काय?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लेकीच्या त्या एका वाक्याशी थांबले. दहा वर्षांच्या पोरीला सगळ्या वर्गासमोर शाबासकी मिळाली आणि तरी ती रडली. तिला शाबासकीपेक्षा काहीतरी मोठं वाटत होतं. ते काय, हे तुम्हीच पत्रात उतरवून पाठवलेल्या तिच्या ओळींत आहे. त्या इथे जशाच्या तशा देते:

‘14 तारीख. सकाळी 8. विहिरीजवळच्या ओळीत 6 फुलं. रंग ताकासारखा. 15 तारीख. तीच 6 फुलं. गुलाबी. 2 मिटली. आज नवीन 4, ती ताकासारखी. म्हणजे गुलाबी फूल कालचं असतं.’

आणि तुमच्या निबंधातली ओळ: ‘कपाशीची लाजरी कळी पहिल्या दिवशी शुभ्र वस्त्र लेते आणि दुसऱ्या दिवशी लाजेने गुलाबी शालू पांघरते.’

तुमची ओळ वाईट नाही. पण तिच्या टिपणातलं शेवटचं वाक्य निबंधात कुठे गेलं? ‘म्हणजे गुलाबी फूल कालचं असतं.’ ते वाक्य तिला कोणी सांगितलेलं नाही. दोन दिवस एकाच ओळीत उभं राहून, जुनी फुलं आणि नवी फुलं वेगळी मोजून तिने ते काढलंय. आणि ते खरं आहे. आपल्याकडे लावतात तो अमेरिकन कापूस असाच फुलतो. सकाळी उमललेलं फूल पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी त्यात लाल-गुलाबी रंगद्रव्य तयार होतं, मग ते सुकून गळतं आणि मागे कैरी, म्हणजे कच्चं बोंड, धरते. आता तुमची लेक कोणाच्याही बांधावर उभी राहून सांगू शकते, की यातली आजची फुलं कोणती आणि कालची कोणती. तिच्या आजोबांना हे ठाऊक असेलच. पण तिने ते त्यांच्याकडून घेतलेलं नाही, फुलाकडून घेतलंय. निबंधात ही तिची कमाई गेली आणि शालू आला. म्हणून ती रडली.

तुम्ही हे मायेपोटी केलंत, यात मला तिळमात्र शंका नाही. आपण सगळ्याच जणी असं करतो, कारण लिहिणं म्हणजे नटवणं, असं आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, नदीचं मनोगत, मी पक्षी झालो तर. त्यालाही जागा आहे, आणि एखाद्या मुलाची कल्पना तिथे खरोखर उंच उडते. पण लिहिण्याचा दुसरा एक मोठा प्रांत आहे, जिथे शब्द वापरायचे ते दिसलं तसं सांगण्यासाठी. दवाखान्यातला केसपेपर, शिवणाच्या वहीत तुम्ही लिहिता ती मापं, सातबाऱ्यावरचा पेरा. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात. सातबाऱ्यावर विहीर चुकीच्या गटात लागली तर माणसाला किती वर्षं खेटे घालावे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कमरेचं माप अठ्ठावीस असताना कोणी तुमच्या वहीत ‘चवळीच्या शेंगेसारखी’ लिहिलं, तर तुम्ही कापड कापाल का?

खऱ्या नोंदीचं मोल किती असतं, याची एक गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. ती तुमच्या लेकीलाही सांगा.

रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड आहे. गावातल्या झाडावर दिसतो त्या साध्या पिंगळ्याचा हा भाऊबंद, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला आणि दिवसाढवळ्या फिरणारा. 1873 साली अॅलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या काळात त्याचे मोजके सातच नमुने, म्हणजे भरून जतन केलेले पक्षी, मिळाले. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे, खानदेशात गोळा केले होते. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणाला सापडलाच नाही. तो संपला, असंच पुष्कळांनी धरून चाललं.

शोध घेणाऱ्यांची एक वाट तर मुद्दामच चुकवली गेली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाने ब्रिटनच्या संग्रहालयातला एक जुना नमुना चोरला, त्याची शिवण उसवून तो नव्याने भरला आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली: 1914, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलतीकडेच पाहत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षी-अभ्यासक बाईंनी हे जुने नमुने बारकाईने तपासले तेव्हा ही लबाडी उघड झाली. मग खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून त्यांनी खऱ्या नोंदींचा माग घेतला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, त्यांना आणि बेन किंग यांना सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी. पुढे तो तोरणमाळला आणि तुमच्या शेजारच्या यावलच्या जंगलातही आढळला.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी ‘काय, कुठे, कधी’ एवढंच प्रामाणिकपणे एका चिठ्ठीवर लिहिलं होतं. ते तीन शब्द टिकले म्हणून पक्षी सापडला. तुमच्या लेकीच्या वहीतली ‘14 तारीख, सकाळी 8, विहिरीजवळची ओळ’ ही याच जातीची नोंद आहे. तिला कोरडी म्हणू नका.

आणि कल्पनाशक्तीचं म्हणाल, तर ‘रंग ताकासारखा’ हे शब्द पुन्हा वाचा. पांढरा नाही, पिवळा नाही, ताकासारखा. नेमकेपणासाठी धडपडताना तिला उपमा सापडली. मला हीच खरी उपमा वाटते, कारण ती वाचून मला फूल दिसलं.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या हातूनही एकदा असंच झालं होतं. पाचवीतल्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘पळसाला पाने तीन नाहीत.’ मी लाल पेनाने फुली मारली. म्हण तर साऱ्या महाराष्ट्राला पाठ, ‘पळसाला पाने तीनच’. दुसऱ्या दिवशी तो पळसाची फांदी घेऊनच आला. म्हणाला, ‘बाई, हे तीन नाही, हे एकच पान आहे. बघा, नवा कोंब कुठे येतो.’ खरंच, त्या तीन पानांच्या देठांशी कुठेच कोंब नव्हता. तिन्ही ज्या एका लांब देठावर होती, त्याच्या बुडाशी, फांदीला चिकटून एकच बारीक मखमली कोंब होता. वनस्पतिशास्त्र नेमकं हेच सांगतं: ते एक संयुक्त पान, आणि तीन त्याच्या पर्णिका. मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण वही तपासताना म्हणच आठवली. ती फुली मी खोडली, त्याची माफीही मागितली. पण त्या दिवसानंतर त्याने वहीत असं काही लिहिलेलं मला आठवत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, वेळ जाऊ देऊ नका.

आता शिबिराचं. पाठवू नका असं मी म्हणत नाही. परवडत असेल आणि तिला जायचं असेल तर एखाद्या उन्हाळ्यात जाऊ द्या. समवयस्क सोबती मिळतात, हा मोठा फायदा. पण ‘इथे बघण्यासारखं काय आहे’ या वाक्याशी मी सहमत नाही. शिबिरात चार दिवस बघायला मिळतं. तिच्याकडे तेच वावर वर्षभर आहे. निसवलेल्या केळीखाली तिला पंधरा दिवस रोज उभं राहू द्या. केळफुलाचं एकेक जांभळं पान कसं उचलतं, त्याखाली फुलांची एकेक रांग कशी उघडी पडते, वरच्या रांगांची फणी होते आणि खालच्या रांगांची फुलं नुसतीच गळतात, ती का? रात्री तिथे वटवाघूळ येतं का? कापसाच्या पानामागे बारीक पांढऱ्या दोऱ्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान अंडी असतात. ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या मित्रकिडीची. हे पुण्याच्या मुलांना चित्रात बघावं लागतं.

तरी बाहेर जायचंच असेल तर तुमच्या तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा जाऊन एकच प्रश्न सोडवा: पाणी तेवढंच गरम आहे का? हिवाळ्यात भुसावळकडे हतनूरच्या जलाशयावर स्थलांतर करून आलेली बदकं दिसतात. चाळीसगावकडच्या वाचकांना पाटणादेवी आहे, धुळेकरांना लळिंग, नंदुरबारकरांना तोरणमाळ. पण हे सगळं सणासुदीचं. रोजची भाकरी घराजवळच्या एकाच झाडाची, एकाच ओळीची.

तिच्या पप्पांचं म्हणणं मी टाळणार नाही. परीक्षेची काळजी खरी आहे, आणि रविवारचे दोन तास सोडून बाकी आठवडा अभ्यासालाच आहे, हेही खरं. क्लास लावायचा तर गणिताचा लावा. निबंधाच्या क्लासमध्ये तिला पुन्हा लाजऱ्या कळ्याच मिळतील, अशी मला भीती वाटते. आणि पप्पांनाच या वहीत ओढा. गुलाबी बोंडअळीसाठी ते वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे सापळे, लावत असतील. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली, असं कृषी विभाग सांगतो. मग ही मोजणी लेकीकडे सोपवा. गोळीला हात लावायचा नाही, सापळा पप्पांनी उघडायचा, मोजायचं आणि लिहायचं तिने. डोमकळी, म्हणजे बोंडअळीने आतून धरलेलं न उमललेलं फूल, कशी दिसते ते त्यांनी तिला एकदा दाखवावं. फवारायचं की थांबायचं हे पोरीच्या वहीत बघून ठरवलं, की त्या वहीला घरात कोणी रिकामा उद्योग म्हणणार नाही.

वही कशी लिहावी, असं पुष्कळ पालक विचारतात. फार नियम लावू नका. तारीख, वेळ, जागा एवढं पक्कं असावं. पुढे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवा: मी काय पाहिलं, मला काय वाटलं, आणि कोणी काय सांगितलं. एवढं जमलं की बाकीचं आपोआप येतं. समजा आजी म्हणाली, सुगरण खोप्यात उजेडासाठी काजवे चिकटवते. ते ‘आजी म्हणाली’ म्हणून लिहायचं. आजीला खोटं पाडायचं नाही, पण पाहिलेल्यांत ते टाकायचंही नाही. वाऱ्याने पडलेला रिकामा खोपा मिळाला तर आत बघायचं. तिथे वाळलेल्या मातीचे गोळे सापडतील. काजवा सापडला तर तेही लिहायचं. खोपा विणणारा नर असतो, हेही ती पावसाळ्यात डोक्यावर पिवळी टोपी घातलेला पक्षी बघून स्वतःच ओळखेल. आपण भाषेत त्याला ‘सुगरण’ म्हणतो, यावर ती काय लिहिते हे वाचायला मला फार आवडेल.

कावळ्याने घरटं कुठे बांधलं यावरून पावसाचं भाकीत करतात, ते आजोबांनी तिला सांगितलं असेलच. दर वर्षी मे महिन्यात घरटं किती उंचीवर आहे ते लिहायचं, आणि दिवाळीला पाऊस कसा झाला ते लिहायचं. दहावीला जाईपर्यंत तिच्याकडे पाच वर्षांचा हिशेब असेल. आजोबांनाही तो बघायचा असेल.

शुद्धलेखन या वहीत तपासू नका. शाळेच्या वहीत तपासा, तिथे ते हवंच. आणि अहिराणीची तर अजिबात लाज नको. ती काळा किडा, लाल डोळा असं न लिहिता ‘काया किडा’, ‘लाल डोया’ लिहिते म्हणून तुम्ही खंतावलात. पण तिने हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय, आणि आजोबांकडे गवताचं, मातीचं, वाऱ्याचं असं एकेक नाव आहे जे ना तुमच्या बी.ए.च्या पुस्तकांत आहे ना माझ्या. त्यांचा शब्द त्यांच्या उच्चारात लिहू द्या, शेजारी हवं तर प्रमाण मराठीतला शब्द. ती नावं लिहून ठेवणारं आज घरात दुसरं कोण आहे?

वाचायला खरं सांगणारी पुस्तकं द्या: प्राण्यांची, यंत्रांची, नकाशांची. काही मुलांना परीकथेपेक्षा विहीर कशी खोदतात यातच जास्त रस असतो, आणि तेही वाचनच. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. 1971 पासूनचा तो खजिना आहे. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षिगणना होते. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंद पाठवायची. तुमच्या मोबाइलवरून तुम्ही दोघी मिळून करू शकता. आपली नोंद बाहेर कोणाच्या तरी कामी येते, हे मुलांना फार बळ देतं.

काळजीच्या गोष्टी थोडक्यात, पण नीट ऐका. खोपे नेमके विहिरीवर झुकलेल्या बाभळीला असतात. कठडा नसलेल्या विहिरीजवळ एकटीने जायचं नाही, मोजायचं ते लांबून. फवारणी झालेल्या वावरात निदान दोन-तीन दिवस पाऊल नाही, आणि औषधाच्या डब्यावर जास्त मुदत लिहिली असेल तर ती पाळायची. पायात बूट, हातात काठी, बिळात आणि दगडाखाली हात नाही, कारण आपल्या भागात फुरसं आहे, घोणस आहे. साप चावलाच तर थेट दवाखाना, मधे दुसरं काही नाही. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत घरी. आणि अंडी, पिल्लं, वापरातलं घरटं घरी आणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते मना आहे, आणि ती मोडतोड बघून तिलाच वाईट वाटेल.

राहता राहिली लपवलेली वही.

ती शोधू नका. गादीखाली सापडली तरी उघडू नका. तिच्याजवळ बसून सरळ सांगा: ‘तुझ्या ओळी मी तुला न विचारता बदलल्या. तू जे पाहिलंस ते खरं होतं, आणि मी ते काढून टाकलं. चुकलं माझं.’ एवढंच. त्यापुढे ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ असं जोडू नका. ती गप्प राहील कदाचित. राहू द्या.

मग रविवारी तुम्ही स्वतः वावरात जा. आजोबांबरोबर नेहमी तीच जाते, तुम्ही कधी गेलात ते पत्रात कुठेच नाही. अजून कापूस फुलावर आहे. जाताना शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचे दहा तुकडे कापून न्या. तिला म्हणा, ‘उद्या उमलतील अशी दहा पाती, म्हणजे कळ्या, तू दाखव, मी दोरे बांधते.’ त्यातल्या पाचांवर पातळ मलमलीच्या पिशव्या घाला, म्हणजे माशी-भुंगा आत जाणार नाही. त्या तुम्हीच शिवा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि तिला विचारा, मधमाशी न बसलेलं फूलसुद्धा दुसऱ्या दिवशी गुलाबी होईल का?

उत्तर तुम्हाला माहीत नसेल. नसलेलंच बरं. सोमवारी आणि मंगळवारी शाळेच्या आधी दोघी मिळून बघून या, आणि पेन तिच्याच हातात असू द्या.